वेंडेल विल्की : एका आयात उमेदवाराची नोंद

वेंडेल विल्की हे अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाचे १९४० सालचे अध्यक्षपदाचे उमेदवार. त्याआधी त्यांनी एकही निवडणूक लढवली नव्हती, कुठले सरकारी पद सांभाळले नव्हते, आणि वर्षभरापूर्वीपर्यंत ते या पक्षातही नव्हते. १९२४ साली ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेले होते. १९३२ साली त्यांचे मत डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्टना होते. म्हणजे १९४० साली ज्यांना पाडायचे त्यांना निवडून आणण्यात त्यांचाही खारीचा वाटा होता. फिलिप रॉथ यांनी २००४ साली ‘द प्लॉट अगेन्स्ट अमेरिका’ या पर्यायी इतिहासाच्या कादंबरीत १९४० च्या रिपब्लिकन अधिवेशनाचा निकाल बदलला आणि उमेदवारी विमानवीर लिंडबर्गना देऊन टाकली. वाचकाला पटण्याच्या दृष्टीने पाहिले तर ही निवड खऱ्यापेक्षा सरस आहे.

विल्की यांचा जन्म १८९२ चा, इंडियाना राज्यातल्या एलवूड गावचा. पेशा वकिलीचा. १९३३ साली ते कॉमनवेल्थ अँड सदर्न या वीज कंपन्यांच्या समूहाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सरकारने टेनेसी खोरे प्राधिकरण काढले आणि विल्कींच्याच दारात स्वस्त विजेचे दुकान थाटले. सहा वर्षे भांडण चालले. अखेर १९३९ साली कंपनीने टेनेसीतला धंदा ७ कोटी ८६ लाख डॉलरला विकून टाकला. पराभव म्हणावा तर किंमत चांगली आली, विजय म्हणावा तर दुकान गेले. अशा हिशेबातून माणूस एक तर निवृत्त होतो किंवा राष्ट्रीय नेता.

विल्कींची लाट उत्स्फूर्त होती, आणि बहुतेक उत्स्फूर्त लाटांप्रमाणे तिचीही नीट व्यवस्था लावलेली होती. एप्रिल १९४० मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकात त्यांचा लेख आला. मासिकाचे संपादक रसेल डेव्हनपोर्ट पुढे नोकरी सोडून त्यांच्या प्रचाराला लागले. ऑरेन रूट या तरुण वकिलाने आवाहनाची पत्रके छापून टपालात टाकली आणि गावोगाव विल्की क्लब निघाले. रेडिओवरच्या ‘इन्फर्मेशन प्लीज’ या प्रश्नमंजूषेतही ते झळकले. उद्योगपतीला इतके सामान्यज्ञान असते हे पाहून श्रोत्यांना आश्चर्य वाटले. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या कन्या अ‍ॅलिस लाँगवर्थ यांच्या टोमण्याचा मराठी मथितार्थ असा, की हा उमेदवार तळागाळातून आला खरा, पण दहा हजार कंट्री क्लबांच्या तळागाळातून. अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरॉल्ड इकिस यांनी तर त्यांना वॉल स्ट्रीटवरचा साधाभोळा अनवाणी वकील ठरवले.

तरीही मे महिन्याच्या सुरुवातीला गॅलप चाचणीत त्यांना रिपब्लिकनांपैकी ३ टक्के पसंती होती. न्यूयॉर्कचे सरकारी वकील टॉमस ड्यूई ६७ टक्क्यांवर होते. जूनमध्ये विल्की २९ टक्क्यांवर पोचले. या चमत्काराचे श्रेय मासिके आणि क्लब घेतात. खरे श्रेय हिटलरच्या रणगाड्यांचे आहे. २२ जूनला फ्रान्सने शस्त्रसंधीवर सही केली आणि २४ जूनला फिलाडेल्फियात अधिवेशन भरले. ड्यूई आणि सिनेटर टाफ्ट युद्धापासून दूर राहण्याची भाषा करत होते. ब्रिटनला मदत करा असे उघड म्हणणारा दखल घेण्याजोगा उमेदवार एकटा हा वीजवाला होता.

सभागृहात प्रेक्षकांच्या गॅलऱ्या ‘आम्हाला विल्की हवा’ असे अखंड ओरडत होत्या. प्रवेशिका वाटण्याचे काम विल्कींच्याच एका समर्थकाकडे आलेले होते, हा तपशील ओरडणाऱ्यांच्या उत्साहाला बाधक ठरला नाही. पहिल्या फेरीत ड्यूईंना ३६०, टाफ्टना १८९ आणि विल्कींना १०५ मते पडली. चौथ्या फेरीत विल्की ३०६ मते घेऊन पुढे गेले आणि मध्यरात्र उलटल्यावर सहाव्या फेरीत त्यांना उमेदवारी मिळाली. आयुष्यभर सतरंज्या उचललेल्यांच्या मनातले इंडियानाचे माजी सिनेटर जेम्स वॉटसन आधीच बोलून गेले होते. पश्चात्ताप झालेल्या वारांगनेला चर्चमध्ये जरूर घ्यावे, पण पहिल्याच दिवशी तिच्या हाती गायकवृंदाचे नेतृत्व देऊ नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. नव्या उमेदवाराने अधिवेशनाचे आभार मानताना समोरच्यांना ‘तुम्ही रिपब्लिकन’ असे संबोधून हा मुद्दा स्वतःच सिद्ध केला.

उपाध्यक्षपदासाठी सिनेटमधले पक्षनेते चार्ल्स मॅकनेरी यांना जोडीला दिले. ते विल्कींच्या उमेदवारीच्या विरोधात होते आणि सरकारी विजेच्या बाजूने. पत्रिका न जुळताच हे लग्न लागले.

नोव्हेंबरात विल्कींना सुमारे २ कोटी २३ लाख मते पडली. तोवर एवढी मते कुठल्याच रिपब्लिकन उमेदवाराला पडली नव्हती. मात्र राज्ये दहाच मिळाली आणि निर्वाचक मतांत ४४९ विरुद्ध ८२ असा निकाल लागला. पुढे रूझवेल्टनीच त्यांना दूत म्हणून इंग्लंडला धाडले. १९४२ साली त्यांनी विमानातून जगाला फेरी मारली आणि ‘वन वर्ल्ड’ हे पुस्तक लिहिले. जाईल तिथे लोक हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याबद्दल विचारतात, असे त्यात नोंदले आहे. १९४४ च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनच्या प्राथमिक निवडणुकीत त्यांना एकही प्रतिनिधी मिळाला नाही. पक्षाला आठवले होते, की हे गृहस्थ आपले नाहीत.

विल्की जिंकले असते तर काय, या प्रश्नावर पर्यायी इतिहासकार युद्ध, टेनेसीची वीज आणि रशियाशी मैत्री यांवर पानेच्या पाने लिहितात. कॅलेंडर मात्र क्वचितच पाहतात. उपाध्यक्ष झाले असते ते मॅकनेरी २५ फेब्रुवारी १९४४ रोजी वारले. रिकामे उपाध्यक्षपद मध्येच भरण्याची सोय तेव्हा राज्यघटनेत नव्हती. खुद्द विल्की ८ ऑक्टोबरला हृदयविकाराने गेले. तेव्हाच्या, १८८६ च्या कायद्यानुसार अशा वेळी गादीवर परराष्ट्रमंत्री बसे, आणि त्याला कुणी निवडून दिलेले नसे. पुढची निवडणूक ७ नोव्हेंबरला होती, म्हणजे बरोबर तीस दिवसांनी.