पायथन पुन्हा इन्स्टॉल करण्यापूर्वी भाचेमंडळींनी वाचावयाच्या सूचना

कलम १. पायथन बिघडत नाही. ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’ अशी ओळ उमटली म्हणजे लॅपटॉपला नजर लागलेली नाही. पायथनने ठरलेले फोल्डर ओळीने पाहिले, मागितलेलं सापडलं नाही, तसं सांगितलं. आमच्या भडगावच्या घरात इतकं सरळ उत्तर देणारं दुसरं कोणी नाही.

कलम २. शेवटची ओळ वाचावी. मामाला फोन लावण्याआधी वाचावी.

कलम ३. पायथन कुठे शोधतं ते त्यालाच विचारावं. ‘सिस’ इम्पोर्ट करून ‘सिस डॉट पाथ’ छापा. यादीत सगळ्यात वर आपण चालवलेल्या फाइलचं फोल्डर, पायथनसोबत आलेली लायब्ररी त्याच्या खाली, आणि पिपने आणलेला माल ‘साइट-पॅकेजेस’मध्ये, त्याहून खाली. पहिलं सापडलं की शोध संपला. म्हणून आपल्या फाइलला ‘रँडम डॉट पाय’ हे नाव देऊ नये. काजगाव स्टेशनवर उतरून ‘भडगाव’ म्हटलं की रिक्षावाला गिरणाकाठच्या भडगावातच आणणार. गडहिंग्लज तालुक्यातही एक भडगाव आहे, याच्याशी त्याला काय करायचंय? तरी चिरंजीव विचारतात, ‘मामा, रँडममधलं रँडइंट कुठे गेलं?’ कुठेही गेलं नाही. तू स्वतःचीच फाइल बोलावतो आहेस, बाबा.

कलम ४. लॅपटॉपवर पायथन किती, ते आधी पाहावं. एक वेबसाइटवरून उतरवलेलं, एक मायक्रोसॉफ्ट स्टोअरचं, एक क्लासमध्ये कोणीतरी टाकून दिलेलं अॅनाकोंडा. पिप माल ठेवतो एकाकडे, प्रोग्रॅम चालतो दुसऱ्यावर. ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ छापलं की कोणतं चालू आहे ते कळतं. नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ लिहावं. ज्या पायथनला हाक मारली, त्याच्याच घरात माल पडतो.

कलम ५. ‘सगळं काढ, नवं टाक’ हा सल्ला देणारा प्रत्येक कॉम्प्युटर क्लासमध्ये एक असतोच. तो औषध एकच देतो आणि डेटा मात्र माझ्या हॉटस्पॉटचा जातो. शिवाय ३.१२ मध्ये टाकलेलं पांडाज नव्या ३.१३ ला दिसतच नाही, कारण दोघांचे साइट-पॅकेजेस वेगळे. म्हणजे पुन्हा फोन. पोरगं हुशार आहे हो, बापाच्या कापसाच्या वजनाचा हिशोब स्वतः प्रोग्रॅम लिहून काढतं. फक्त ओळ वाचत नाही.

कलम ६. इन्स्टॉल करायचं ‘ओपनसीव्ही-पायथन’, इम्पोर्ट करायचं ‘सीव्हीटू’. का, ते विचारू नये.

कलम ७. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं ‘वेन्व्ह’, म्हणजे स्वतःचं साइट-पॅकेजेस असलेलं वेगळं घर, करावं. २०१२ पासून ते पायथनसोबतच येतं, वेगळं उतरवावं लागत नाही.

एवढं करूनही चालत नसेल तर फोन जरूर करावा. मात्र पडद्याचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो पाठवू नये. एररचा मजकूर कॉपी करून पाठवावा, सगळा.