काळजीला किती गुण?

अमेरिकेत तयार होऊन २००१ साली प्रसिद्ध झालेली पीएचक्यू-९ ही प्रश्नावली नऊ प्रश्नांत माणसाचं नैराश्य मोजते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. शाळेत गुण जास्त पडले की पेढे वाटायचे. इथं जास्त पडले की डॉक्टर गाठायचा. तिचं मराठी भाषांतर केव्हाच झालेलं आहे. पण सिंदेवाहीकडच्या एखाद्या ओसरीवर बसून ती विचारायची म्हटलं, की भाषांतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

शब्द फारसे छळत नाहीत. ‘नैराश्य’ पिशवीतच ठेवायचं आणि ‘करमत नाही का?’ म्हणून विचारायचं; समोरची बाई लगेच बोलती होते. अडतं ते पुढं. थकवा जाणवतो का, हा प्रश्न रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत वाकून आलेल्या बाईला विचारणाऱ्याचंच डोकं तपासायला हवं. मोहफुलं पडू लागली की अख्खं गाव अंधारातच टोपल्या घेऊन निघतं. तेव्हा झोपेचं काय विचारता? एकाग्रतेच्या प्रश्नात उदाहरणं आहेत पेपर वाचण्याची आणि टीव्ही पाहण्याची. त्या जागी आम्ही तांदूळ निवडणं घातलं. खडा दाताखाली आला की लक्ष कुठं होतं ते घरभर कळतं, गुण मोजायचीही गरज नाही.

चिंतेची वेगळी प्रश्नावली आहे, २००६ सालची, सात प्रश्नांची. तिचा शेवटचा प्रश्न असा, की काहीतरी भयंकर घडेल अशी भीती वाटते का?

“वाघ आहे नं बाप्पा जंगलात! भेव नाही लागणार त?” मावशी म्हणाली. मे महिना होता. हातांवर तेंदूपत्त्याचे डाग, आणि पहाटे पुन्हा तिकडंच जायचं. कागदाच्या हिशेबानं हिला तीन गुण. भीती वाटत नाही म्हणाली असती तर मात्र मी खरंच काळजीत पडलो असतो. ताडोब्यात पैसे मोजून वाघ शोधणाऱ्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही, ते असो.

मग आम्ही एक जोडप्रश्न विचारला, “आणि घरात, दार लावून बसल्यावर?”

मावशी जरा थांबली. “मंग वाघाचं नाही लागत. पोराच्या दारूचं लागते.” चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी आली आणि २०२१ साली उठली, मावशीच्या भीतीनं दोन्ही पाहिलं.

भामरागड-एटापल्लीकडं तर आणखी एक नदी ओलांडायची. तिथली माडिया द्राविडी कुळातली, मराठीपेक्षा तेलुगूच्या जवळची. रीत अशी, की एकानं माडियात न्यायचं आणि मूळ कागद न पाहिलेल्या दुसऱ्यानं परत आणायचं. दोन्ही कागद जुळले की भाषांतर पास. रीत चांगलीच आहे. पण तिच्यातून वाघ बिनबोभाट निसटतो, कारण शब्द दोन्हीकडं बरोबरच असतात. म्हणून छापण्याआधी प्रश्न ओसरीवर वाचून दाखवावेत आणि लोक कुठं हसतात ते लिहून घ्यावं, असं माझं मत झालं आहे.

कागद घेऊन इकडं येणाऱ्यांना एक विनंती: मोहाच्या दिवसांत सकाळी येऊ नका. घरी कोणी सापडणार नाही, आणि सापडलंच तर ते खरोखर आजारी असेल.