बहिष्कार कुणी कुणावर घालायचा?

सिनेमाचं पोस्टर झळकायचा अवकाश, मोबाइलवर 'बॉयकॉट'चा गजर सुरू होतो. ज्याच्या आडनावाचा हा शब्द झाला, त्याची गोष्ट वाचली तर शब्द इतक्या सहज टाकवणार नाही.

कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. १८८० साली कुळांनी खंडात चौथा हिस्सा सूट मागितली; जमीनदार दहा टक्क्यांवर अडून बसला. कारभाऱ्याने कुळांना बेदखलीच्या नोटिसा धाडल्या. लोकांनी काठी उचलली नाही, त्याच्याशी व्यवहार तोडला. गडी शेतातून निघून गेले. लोहार काम करीना, कपडे धुवायला बाई मिळेना, बॅलिनरोबचे दुकानदार माल देईनात. अखेर पीक काढायला अल्स्टरहून ५० माणसं आणली आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार शिपाई. पीक साधारण ५०० पौंडांचं, ते वाचवायचा खर्च १०,००० पौंडांच्या घरात! डिसेंबर लागताच साहेबांनी आयर्लंड सोडलं. इंग्रजीतला 'ऑस्ट्रसाइज' हा शब्द शेतकऱ्यांच्या जिभेवर बसणार नाही, म्हणून गावचे पाद्री जॉन ओमॅली यांनी साहेबांचंच नाव सुचवलं.

ज्याच्या हातात जमीन नाही, कोर्ट नाही, फौज नाही, त्याने फौजवाल्याला नमवलं. टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार याच वाणाचा.

आपल्या गावांतून मात्र हेच हत्यार वरून खाली चालतं. मुलीने जातीबाहेर लग्न केलं, कुणी पंचांचा दंड भरला नाही, की अख्खं घर वाळीत. गिरणीवाला दळण घेत नाही, किराणावाला मीठ देत नाही, घरात मयत झालं तर खांदा द्यायला शेजारी येत नाहीत. दुकान तिकडेही बंद झालं होतं. पण बॉयकॉटच्या पाठीशी सरकार उभं होतं. वाळीत पडलेल्या घराच्या पाठीशी कोण? या दोन्हींना आपण 'बहिष्कार' म्हणतो, त्यामुळे पंचांच्या दंडेलीला फुकटची प्रतिष्ठा मिळते. तिला जुलूमच म्हणावं.

डॉ. आंबेडकरांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९३० मध्ये गोलमेज परिषदेत त्यांनी दलितांवरचा बहिष्कार गुन्हा ठरवावा अशी मागणी लेखी मांडली. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ चा; लागू झाला २०१७ च्या जुलैत. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. इतका उशीर झाल्यावर तरी तो वापरात यावा. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला 'गावातच मिटवा' म्हणून परत धाडणाऱ्या ठाणे अंमलदारापुढे त्याची प्रत ठेवा, आणि गुन्हा नोंदवल्याशिवाय उठू नका.