पत्त्यांना काय कळतंय, वहिनी!

अहो वहिनी! गॅस बारीक करा आणि या जरा कुंपणापाशी. ओरडून सांगण्यातलं नाहीये हे, समोरच्यांची खिडकी उघडी आहे.

काल माझी भाची आली होती ना डोंबिवलीहून, कसारा लोकलनं? हो तीच, केस आखूड कापलेली. तिनं पत्ते आणले होते. नाही हो, रमी कुठली, टॅरो!

बघा, तुमचाही चेहरा वाकडा झालाच. आमच्या ह्यांचा अस्साच झाला. पेपर खाली ठेवून म्हणाले, "या घरात भविष्यबिविष्य चालणार नाही." जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, लगेच नारळीकरांवर गेले. नारळीकरांनी अंनिसला बरोबर घेऊन ज्योतिषाची चाचणी केली होती, २००९ साली तिचा निकाल छापून आला. हुशार मुलांच्या आणि गतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिष्यांना दिल्या, कुठली कुणाची ते ओळखा म्हणाले. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी शंभरातली ४६ बरोबर. "नाणं उडवलं असतं तरी तेवढंच जमलं असतं!" इति हे.

आणि भाची काय म्हणाली असेल? "काका, मला सगळं मान्य. पत्त्यांना पुढचं ओ की ठो कळत नाही. मी पत्त्याला विचारतच नाही, समोरच्या माणसाला विचारते." ह्यांनी पेपर परत तोंडासमोर धरला. पण पान काही उलटलं नाही, कान इकडेच.

एकूण ७८ पत्ते बरं का. त्यातले २२ मोठे: वेडा, जोगी, कोसळणारा मनोरा, मरण. उरलेले ५६ आपल्या कॅटसारखे, चार रंगांचे, पण दर रंगात एक चित्र जास्त. बदाम-किलवरच्या जागी पेले, काठ्या, तलवारी आणि नाणी. मूळचा हा इटलीतला खेळ, पंधराव्या शतकातला. डाव मांडायचे, भविष्य वगैरे काही नाही. पुढं १७८१ साली एका फ्रेंच पंडितानं ठोकून दिलं की ही इजिप्तची गुप्त विद्या आहे, आणि लोकांनी उचललं!

मला आमच्या सावंतवाडीचा गंजिफा आठवला. दशावताराचे गोल पत्ते, १२०, एकेका अवताराचे बारा. इतके देव हातात घेऊन बसायचे, पण नोकरी कधी लागेल असं कुणी त्यांना विचारलं नाही. विचारायचं असलं की देवळात जाऊन कौल लावायचा. गुरव देवाला कळे लावणार, उजवा पडला की हो, डावा पडला की नाही. पण त्याआधी गाऱ्हाणं घालावं लागतं, सगळ्या भावकीसमोर, मोठ्यानं. मला तर वाटतं निम्मा गुंता तिथंच सुटत असेल.

तर भाची म्हणाली, मावशी, प्रश्न मनात धर. प्रश्न कुठला ते तुम्हाला ठाऊकच आहे. मुलगा म्हणतोय खडवलीचं घर विका आणि कल्याणला माझ्याकडे या. २०१९च्या ऑगस्टमध्ये भातसा नदीनं वेढलं आणि इथल्या जू-नांदखुरीच्या लोकांना हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं, तेव्हापासून त्यानं धोसराच लावलाय. पाऊस जरा वाढला की फोन. "पत्ते पिस आणि एक काढ," म्हणाली.

निघाली तलवारींची छक्की. वहिनी, चित्र काय सांगू! होडी आहे. पाठमोरा माणूस बांबूनं ती पुढं रेटतोय. पुढं एक बाई, डोक्यावरून घट्ट पांघरलेलं, खांदे पाडून बसलीय, शेजारी लेकरू. तोंड दिसत नाही तिचं. आणि होडीतच सहा तलवारी उभ्या खोचलेल्या. एका बाजूचं पाणी खळबळतंय, दुसरीकडं कसं संथ. पामेला कोलमन स्मिथ म्हणून एका बाईनं १९०९ साली लंडनला हे पत्ते काढले. आणि नाव कुणाचं चालतं? रायडर-वेट! रायडर छापणारा, वेट सांगणारा. चित्रं काढणारी राहिली बाजूला. तिकडेही तेच हो.

भाचीनं एवढंच विचारलं, "काय दिसतंय?" माझ्या तोंडून निघालं, "या बाईला कुणी विचारलंय का, जायचंय की नाही म्हणून? नुसतं बसवलंय उचलून!"

निघालं आणि मीच गप्प झाले. घर सोडायचं दुःख आहेच, पण खरा सल वेगळा होता. बापलेकांनी फोनवर परस्पर ठरवलं, खोली कुठली, कपाट कुठलं. मला फक्त कळवलं. ह्यांचा पेपर आपोआप खाली आला. म्हणाले, "तू बोलली का नाहीस?" घ्या!

रात्री मुलाला मीच फोन लावला. ठरलंय ते असं: पावसाळ्यात कल्याण, दिवाळीपासून खडवली, घर विकायचं नाव नाही. बघू किती टिकतं ते.

पण एक सांगते, सगळेच असे नसतात. आमच्या नात्यातल्या एकीला कुणीतरी मरणाचा पत्ता दाखवून घाबरवलं, मग खडा, मग पूजा, पैसे उकळले नुसते. भाची म्हणते, तो पत्ता म्हणजे जुनं संपलं, नवं सुरू होतंय, एवढाच अर्थ लावतात. समोरचा उपाय विकायला लागला की उठून यायचं. आणि तिचा नियम एकच: "होईल का" असं विचारायचं नाही, "मी काय करू" असं विचारायचं.

येणार आहे ती रविवारी परत. काय म्हणता, तुमच्या धाकटीच्या लग्नाचं? टिटवाळ्याला जाऊन आलात ना मंगळवारी, बाप्पाच्या कानावर घातलंय. पण कधी जमेल असं विचारलंत तर ही पोरगी पत्ते गुंडाळून ठेवेल हं. उलट तुम्हालाच विचारेल, मुलीला लग्न करायचंय का, कसा मुलगा हवाय, विचारलंत कधी तिला?

नाही ना विचारलं? मग रविवारपर्यंत कशाला थांबताय, घरातच आहे ना ती? मारा हाक!