खोक्यावरचा वेग

एश्बॉर्नमध्ये राहणाऱ्याने वेगाबद्दल कुरकुर करू नये. गाव जेमतेम वीस-बावीस हजार वस्तीचं, पण फ्रँकफुर्टला इतकं खेटून की एस-बानमध्ये डुलकी लागायच्या आत शहर येतं. दर १ मेला इथून सायकलींची मोठी शर्यत सुटते. जर्मनीचा शेअर बाजार चालवणाऱ्या डॉइच बोर्झनेही २०१० साली फ्रँकफुर्टातलं बिऱ्हाड हलवून इथे थाटलं, कारण इथला व्यवसाय कर कमी. पैशाचं गणित मराठी माणसालाच कळतं असं नाही. त्यांची सौद्यांची यंत्रं मात्र फ्रँकफुर्टच्या डेटा सेंटरमध्ये आहेत आणि तिथे यंत्रं ठेवणाऱ्या सगळ्या दलालांना सारख्याच लांबीची केबल मोजून मिळते. एखाद्याची वीतभर आखूड निघाली, तर त्याचा सौदा नॅनोसेकंदभर आधी पोचायचा आणि बाकीचे हमरीतुमरीवर यायचे.

अशा गावात माझे सासरे लॅपटॉपसमोर बसून ‘उरलेला वेळ : ४ तास’ हे वाक्य मोठ्याने वाचत होते. त्यांचं विमान संध्याकाळचं होतं.

नातीचे फोटो, तिच्या नाचाचे व्हिडिओ, आमचं लग्न, शिवाय आम्ही जमवलेली जुनी नाटकं असा सहाशे जीबींचा ऐवज त्यांना पुण्याला न्यायचा होता. त्यासाठी नवीकोरी एसएसडी आणली. खोक्यावर छापलेलं, सेकंदाला १०५० एमबी. पडद्यावर ३८.

“जावईबापू, दुकानदाराने टोपी घातली तुम्हाला,” बाबा म्हणाले.

दुकानदार बिचारा निर्दोष होता. खोक्यातली केबल आखूड, सोफ्यापर्यंत पोचेना, म्हणून बाबांनी टीव्हीखालच्या खणातून चांगली लांब केबल शोधून काढली होती. त्या खणात आमच्या घरात आलेल्या प्रत्येक फोनची केबल आहे. फोन गेले, केबली राहिल्या. “असू दे, लागेल कधीतरी,” असं म्हणून आम्ही एकही टाकलेली नाही. बाबांनी निवडलेली केबल फोन चार्ज करायची. दोन्ही टोकं हुबेहूब टाइप-सी, पण आतल्या तारा फक्त यूएसबी २.०च्या, म्हणजे २००० सालच्या. कागदावर ४८० मेगाबिट. बिटांचे बाइट करायला आठने भागायचं, की राहतात ६०, आणि वरचा खर्च वजा जाता पदरात पस्तीस-चाळीस.

बाबा रेल्वेत स्टेशनमास्तर होते. “म्हणजे राजधानी सिंगल लाइनवर घातलीत,” त्यांनी निकाल दिला. इतकं नेमकं मला कुठल्याही माहितीपत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

खोक्यातली केबल लावली, लॅपटॉपच सोफ्याजवळ ओढला. आकडा साडेचारशेवर गेला. “अजून हजार कुठे?” बाबांचा प्रश्न रास्त होता. लॅपटॉपचं भोक ५ गिगाबिटचं, ड्राइव्ह १०ची. जिथे वाट अरुंद, तिथला वेग खरा. हे भोक कितीचं आहे ते कळू नये याची सोयही चोख केलेली आहे: २००८ साली ज्याला यूएसबी ३.० म्हणत, त्याचंच पुढे ३.१ जेन १ झालं आणि मग ३.२ जेन १. वेग तोच.

यूएसबी घडवणाऱ्यांतले एक अजय भट्ट बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकले, हे सांगितल्यावर बाबा जरा निवळले. गायकवाड सरकारांचं नाव निघालं की ते निवळतातच. “मग जुनी पिन पहिल्या खेपेला का बसत नाही?” दोन्ही बाजूंनी बसणारी करायची तर तारा दुप्पट, खर्चही जास्त, म्हणून एकाच बाजूची ठेवली. हे कारण बाबांना मनापासून पटलं.

त्या चौकोनी पिनेच्या निळ्या, ३.० अवताराची आणखी एक खोड आहे. जुन्या चार पट्ट्या पुढे आणि नव्या पाच मागे. अदबीने, हळूहळू आत सारली की संगणकाला आधी जुन्याच भेटतात आणि तो कधीकधी जुन्याच वेगावर समाधान मानतो. म्हणून ती एका दमात बसवावी.

व्हिडिओ भराभर गेले आणि आकडा धाडकन चारवर आला. केबल ठीक, भोक ठीक. बाबांच्या फोनमधल्या ‘शुभ सकाळ’च्या हजारो चित्रांची पाळी आली होती. मोठी फाइल एकदा सुरू झाली की वाहत राहते. चिमुकल्या प्रत्येक फाइलची मात्र वेगळी नोंद करावी लागते, आणि अँटीव्हायरस प्रत्येकीची झडती घेतो. उपाय सोपा: सगळ्यांचं एक झिपचं गाठोडं बांधून पाठवायचं.

“नाहीतर पुसून टाका,” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

“गाठोडं बांधा,” बाबा म्हणाले.

ड्राइव्ह सुरक्षितपणे बाहेर काढण्याची आज्ञा मिळेपर्यंत मी कोणाला हात लावू दिला नाही. वेगासाठी विंडोजमध्ये राइट कॅशिंग चालू केलं असेल तर एवढी शिस्त पाळावीच लागते. काम झालंसं दिसतं, पण काही माल अजून वाटेत असतो. विमान वेळेवर मिळालं.

तेव्हा वाचकहो, महागडी ड्राइव्ह घेण्याआधी आपल्या लॅपटॉपचं भोक कितीचं आहे ते तपासा, आणि खोक्यातल्या केबलीवर मार्करने ड्राइव्हचं नाव लिहून ठेवा. बाकीच्या केबली टाकून द्या असं मी सांगणार नाही. तुम्ही टाकणार नाहीच.