चिपवाल्या साहेबांना पौडहून सा. न. वि. वि.

वायफायची चिप बनवणाऱ्या कंपनीचे माननीय साहेब,

तुमच्या डोंगलच्या खोक्यावर ‘लिनक्सला चालते’ असं वाचलं आणि ऊर भरून आला. दुकानदार म्हणाला, लावा आणि वापरा. लावलं. वापरायचं तेवढं राहिलं.

तुमच्या कृपेने या पावसाळ्यात मी कर्नलशास्त्री झालो. बाहेर ताम्हिणी घाटाकडून आलेला पाऊस, आत मी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, शंभरहून अधिक एमबीचा सोर्स उतरवतोय. तोही मोबाईलचं नेट केबलने कॉम्प्युटरला जोडून, कारण वायफाय सुरू व्हावं म्हणूनच तर हा खटाटोप! तुम्ही दिलेला ड्रायव्हरचा पॅच म्हणजे ठिगळच: आजूबाजूला अमुक ओळी दिसल्या की ही काढ, ती घाल. तुम्ही ते बेतलंत २०१८ च्या ४.१५ कर्नलवर. आमच्या अंगात ६.८. दोन हंक, म्हणजे ठिगळाचे तुकडे, बसले, तिसऱ्यापुढे ‘फेल्ड’. नाकारलेला तुकडा ‘पॅच’ कमांडने निमूटपणे ‘रेज’ फाइलीत ठेवला, आहेरात आलेलं नको ते पातळ कपाटात ठेवावं तसा.

तो मी हाताने बसवला. एका फंक्शनचं नाव बदललेलं, दुसऱ्याला एक आर्ग्युमेंट वाढलेलं. कर्नलवाले आतली रचना हवी तेव्हा बदलतात, आणि तसं लिहूनही ठेवतात. कर्नलच्या मूळ झाडात असलेला कोड मात्र बदल करणाराच सुधारून देतो; बाहेरचा ज्याचा त्याने सांभाळायचा. म्हणजे हा ड्रायव्हर तुम्ही एकदा नीट वर पाठवला असता, मेंटेनरची चार बोलणी खाल्ली असती, तर विषय मिटला असता. तुम्ही बोलणी वाचवलीत. आम्हाला दर नऊ-दहा आठवड्यांनी, नवी आवृत्ती आली की, नवं शिवणकाम. याला म्हणतात रोजगारनिर्मिती!

मग सोर्सचा कर्नल बांधणारं ‘मेक’. तीन तास झाले आणि लाईट गेली. आमच्या मुळशी धरणाचं पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याला उतरतं, त्यावर मुंबईचे दिवे लागतात, इथे मेणबत्ती. याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट सत्याग्रहात उतरले होते. मी बसलोय बोटभर डोंगलविरुद्ध. लाईट आल्यावर ‘मेक’ होतं तिथून पुढे निघालं, हा त्याचा मोठेपणा, तुमचा नव्हे. पुढे सिक्युअर बूटने ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर सही मागितली. तीही केली.

आई दारात उभी. “आयटीवाल्यांची हिंजवडीही आपल्याच तालुक्यात ना रे? तिथल्या कुणाला विचार की.” कुणाकुणाला विचारू? तिथल्या एका मित्राने सल्ला दिला: दुसरा डोंगल घे.

पहाटे निळा दिवा लागला. वायफाय दिसलं, शेजाऱ्यांचं.

आपला नम्र,
बिनपगारी कर्मचारी

ता. क. पुढच्या आवृत्तीला पॅच लावायला तुमचा माणूस पाठवा. पौडच्या स्टँडवर उतरवून घेतो. जेवायला आंबेमोहोराचा भात आहे. लाईटचं सांगता येत नाही.