पाय टेकेनात

गाडीला हेडलाइट नव्हता, इंडिकेटर नव्हते, आरसे नव्हते, साइड स्टँडही नव्हता. आरसीचा तर प्रश्नच नाही. तरी प्रस्तुत लेखकाला तिच्यात काही म्हणजे काही कमी दिसेना. निळी यामाहा वायझेड २५० एफ, कुणीतरी ‘बाहेरून’ आणलेली. बाहेरून म्हणजे कुठून, हे विचारणं असभ्यपणाचं ठरेल असा विकणाऱ्याचा चेहरा होता.

“सर, ही पेपरवर नाही, ट्रॅकवर पळते.”

लेखकाचा ट्रॅकशी संबंध सकाळच्या चालण्यापुरताच. पण पन्नाशीत कुणी ‘सर’ आणि ‘ट्रॅक’ एका वाक्यात म्हटलं की पोट आपोआप आत जातं.

खरं तर चाकणला, तासाभराच्या अंतरावर, केटीएमच्या गाड्या बनतात आणि त्या रीतसर पासिंग होऊन रस्त्यावर येतात. पण चाकणची गाडी काय, शेजारचा बंटीही घेतो!

आता उंचीबद्दल. या जातीच्या गाड्यांची सीट साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे तीन फुटांच्या वर. हिरो एक्सपल्सची सव्वाआठशेच्या घरात, आणि तीही लेखकाला बेताचीच. पाच फूट चार इंचांच्या माणसाने वायझेडवर बसायचं म्हणजे आधी ओटा शोधावा लागतो. ओटा डावीकडे हवा, नाहीतर टांग उलटी पडते. बसल्यावर एका पायाचा अंगठा जमिनीला लागतो आणि दुसरा पाय हवेत दिशा विचारत फिरतो. लेखक त्या अवस्थेत पाच मिनिटं होता आणि त्याने तीन फोटो काढून घेतले. तिन्हींत कमरेखालचा भाग कापला आहे.

“फक्त वीस तास चाललीय,” विकणारा म्हणाला. या इंजिनांची देखभाल किलोमीटरवर नाही, तासांवर ठरते. ठरावीक तासांनी पिस्टनही बदलावा लागतो. गाडीला तास मोजणारं मीटर नव्हतं. जुन्या मोटारी जशा नेहमी डॉक्टरांनीच वापरलेल्या असतात, तसे हे वीस तास.

आता ‘बाहेरून’बद्दल. पूर्ण बांधून आयात केलेल्या १६०० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलवरचं मूळ सीमाशुल्क २०२५ च्या अर्थसंकल्पात ५० वरून ४० टक्क्यांवर आलं. तेही चुकवायचं, तर गाडी सुटी करून ‘स्पेअर पार्ट’ म्हणून आणायची आणि गोदामात जोडायची. मग बिल ऑफ एंट्री या आयातीच्या कागदात चासी नंबर कुठला यायला? सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ नुसार चोरवाटेने आलेला माल जप्त होऊ शकतो, मग तो तिसऱ्याच्या पार्किंगमध्ये का असेना. सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या सीमाशुल्क विभागाने ‘नुमखोर’ मोहिमेत भूतानमार्गे आल्याचा संशय असलेल्या महागड्या मोटारी उचलल्या. त्यांना निदान नंबरप्लेट तरी होत्या.

लेखकाचं मन इथवर डगमगलं नव्हतं. दंड भरू, म्हणत होतं. पण विकणारा सहज बोलून गेला, “गावाकडं संध्याकाळी कोण अडवतंय सर?” आणि लेखकाला त्याची मावशी आठवली. ती अजूनही दिवेलागणीला वैरणीचा भारा घेऊन डांबरीच्या कडेने घरी येते. कानाने मंद, पदर डोक्यावर. समोरून येणाऱ्या गाडीला दिवा नाही. नोंदणी नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणजे मावशीच्या हाडांची भरपाई चालवणाऱ्याच्या ऐपतीवर. पकडला गेला तर. ‘कोण अडवतंय’ हे वाक्य अशा कुणाच्या तरी अंगावरूनच जातं, आणि ते इतक्या खेळकरपणे म्हटलं जातं याचा लेखकाला अजून राग येतो.

घरी त्याने दुसरा मार्ग मांडला. कावासाकीच्या केएक्स गाड्या भारतात बिलासकट, कंपनीकडूनच मिळतात. रस्त्यावर चालत नाहीत एवढंच, त्या टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यायच्या.

बायको कणीक मळत होती. “अहो, टेम्पो लावणार कुठं? सोसायटीत स्कूटरला जागा नाही.”

लेखक सध्या टेम्पोच्या उंचीची चौकशी करतो आहे.